डायनिंगच्या कोपऱ्याला गडद मोरपिशी: घरच्या घरी कसं केलं

ठाणे जिल्ह्यातल्या ऐरोलीतलं आमचं घर वन बीएचके, त्यात वेगळी डायनिंग रूम कुठून येणार, हॉलमध्ये किचनला लागून चार खुर्च्यांचं टेबल आणि मागे क्रीम कलरची भिंत, बस. दिवाळीआधी ती एकच भिंत गडद मोरपिशी केली आणि आता पाहुणे आले की सोफा सोडून तिकडेच बसतात, खरंच.

सगळ्यात आधी रंग निवडणं, कारण चूक इथेच होते. शेड कार्डावरचा दोन बोटांएवढा तुकडा बघून ठरवू नका. सॅम्पलचा छोटा डबा आणा, मोठ्या कार्डपेपरवर दोन हात मारा, भिंतीला चिकटवा आणि रात्री जेवायच्या वेळी, ताटं मांडल्यावर बघा. नोकरी करणारी माणसं आपण, टेबलावर निवांत बसतो ते रात्रीच ना! मला डाळिंबी हवा होता पण ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात तो मातकट दिसायला लागला, मोरपिशी मात्र टिकला. आणि गडद घ्यायचा तर गडदच घ्या, घाबरून दोन शेड फिका घेतला की भिंत नुसती मळकी वाटते. रंग वॉशेबल हवा, आमटीचे शिंतोडे उडणारच.

पावसाळ्यात काम काढूच नका. आधी एकदा ऑगस्टमध्ये रंगवलं होतं, महिन्याभरात फुगे आले आणि पोपडे निघाले, खूप वाईट वाटलं होतं. आता मी भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवते, आत पाणी जमलं किंवा भिंत काळपट दिसली तर थांबायचं, बाहेरून लीकेज असेल तर आधी ते काढायचं.

मग जुने पोपडे खरवडा, खड्ड्यांत पुट्टी भरा, वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. गडद रंगाखाली प्रायमर थोडा ग्रे करून मागा, पांढऱ्यावर गडद रंगाचे पट्टे दिसत राहतात. आमची भिंत १० बाय ९ फूट, तिला दोन लिटर रंग लागला. सगळा एकदम घ्या आणि शेडचा कोड लिहून ठेवा. कडा आधी ब्रशने, मग रोलर, दोन हातांमध्ये चार तास तरी जाऊ द्या, दोन हातांनी भागलं नाही तर तिसरा मारा. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच तिरकी ओढून काढा नाहीतर रंगाची कड उचकटते.

मोरपिशीवर मी टेबलाच्या उंचीला वारलीचा एक पट्टा काढला, गोल, त्रिकोण, रेघा, मधे तारपा नाच, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोलात नाचणारी माणसं. ही आपल्याच भागातली कला, २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता, आणि जिव्या सोमा म्हसे यांना तिच्यासाठी २०११ ला पद्मश्री मिळाली. मूळ चित्रं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, पण पुसायच्या भिंतीवर ते टिकणार नाही म्हणून मी पांढरा ॲक्रेलिक आणि बारीक गोल ब्रश वापरला. आधी खडूने हलकं आखून घ्या, हात आपोआप सुटतो.

खुर्च्यांचं काम तासाभराचं. सीट खालचे स्क्रू काढले की सुटी होते, त्यावर खणाचं कापड ताणून खालून स्टेपल गनने ठोकायचं, आधी चारही बाजूंचे मध्य, कोपरे शेवटी. मोरपिशीसमोर डाळिंबी खण घेतला, म्हणजे तो रंग शेवटी घरात आलाच!

दिव्यासाठी बांबूची टोपली उलटी करून तिच्यात होल्डर बसवला. बल्ब एलईडीच घ्या, साधा खूप तापतो, आणि ३००० केल्विनचा पिवळसर. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि टोपली टेबलापासून साधारण अडीच फूट वर ठेवा, म्हणजे समोरच्याचा चेहराही दिसतो आणि उजेड ताटात पडतो.