नेटवर्कमध्ये लूप झालाय? एसटीपी लावताना या चुका टाळा

एका कॉलेजच्या लॅबमध्ये साफसफाईच्या वेळी टेबलाखाली केबलचं एक टोक लोंबकळताना दिसलं. कुणीतरी ते नीटनेटकेपणाने जवळच्या छोट्या स्विचमध्ये खोचून टाकलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झाला लूप, म्हणजे डेटाला गोल फिरत राहायची वाट. मी पोचलो तेव्हा तीन मजल्यांवरच्या स्विचचे सगळे दिवे एकदमच, न थांबता लुकलुकत होते आणि पिंगही जात नव्हतं. आयपी पॅकेटला निदान टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर मरायचं याची मर्यादा, असतो. स्विच ज्यांची ने-आण करतात त्या इथरनेट फ्रेमला तसलं काही नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम, एकदा गोल फिरायला लागला की केबल उपटेपर्यंत फिरतच राहतो.

तिथे एसटीपी (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, लूप ओळखून जादा वाट बंद ठेवणारी स्विचमधली सोय) बंद होतं. बंद का केलं, तर 'पीसीला आयपी मिळायला वेळ लागतो' म्हणून! तक्रार खरी होती. जुन्या एसटीपीत पोर्ट 15 सेकंद लिसनिंग आणि 15 सेकंद लर्निंगमध्ये असतो, आणि तोवर पीसीचा डेटा पुढे जात नाही. तेवढ्यात आयपी मागणारा डीएचसीपी कंटाळतो आणि पीसी स्वतःच 169.254चा कामचलाऊ पत्ता घेऊन बसतो. पण त्यासाठी सगळं एसटीपी बंद करणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. आरएसटीपी (एसटीपीची वेगवान आवृत्ती) लावा आणि जिथे फक्त पीसी किंवा प्रिंटर आहे, त्याच पोर्टवर ही वाट पाहणं टाळणारं पोर्टफास्ट द्या. काही कंपन्यांच्या स्विचवर त्यालाच एज पोर्ट म्हणतात.

पोर्टफास्टसोबत बीपीडीयू गार्ड हवाच. बीपीडीयू म्हणजे एसटीपीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश. इथे बीपीडीयू फिल्टरशी नावातल्या साम्यामुळे भलेभले फसतात. गार्ड लावलेल्या पोर्टवर बीपीडीयू आला की पोर्ट बंद पडतो. फिल्टर मात्र त्या पोर्टवर बीपीडीयू पाठवतही नाही, आलेला ऐकतही नाही. म्हणजे तिथलं एसटीपी गेलंच. लॉगमधले इशारे थांबावेत म्हणून फिल्टर लावलेला मी पाहिलाय. इशारे थांबले, खरंच. अर्थात टेबलाखालचा स्वस्त स्विच बीपीडीयू गिळत असेल तर गार्डलाही काही दिसत नाही, म्हणून पोर्टवर ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा घालणारं स्टॉर्म कंट्रोलही ठेवा.

रूट ब्रिज, म्हणजे एसटीपी ज्याला केंद्र मानून वाटा ठरवतं तो स्विच, नशिबावर सोडू नका. सर्वांत कमी प्रायॉरिटी आकड्याचा स्विच रूट होतो. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मुळात 32768 असते. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला (हार्डवेअरचा पत्ता) जिंकतो, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातला सर्वांत जुना डबा निघतो. मुख्य स्विचला 4096, राखीव स्विचला 8192 द्या. आकडा 4096च्या पटीतच चालतो, 5000 टाकलात तर स्विच नाकारेल.

लिनक्सवाल्यांसाठी: कर्नलचा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) बनवला की त्यात एसटीपी आपोआप सुरू होत नाही. सर्व्हरची दोन लॅनकार्डं एकाच ब्रिजमध्ये घालून दोन्ही केबल एकाच स्विचला लावल्या, की झाला लूप. तिथे खरं तर बाँडिंग, म्हणजे दोन कार्डं मिळून एकच जोडणी, हवं असतं.

आणि लूप चालू असताना एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरूनच, स्विचच्या आत शिरायचा हट्ट नको, स्विचचा सीपीयू आधीच गुदमरलेला असतो. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन जा. अपलिंक (स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या केबल) एकेक काढा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, त्या दिशेने चालू लागा. लॉगमध्ये एकच मॅक दोन पोर्टांमध्ये उड्या मारताना दिसला तर ते दोन पोर्ट लिहून ठेवा. गार्डने बंद केलेला पोर्ट मात्र केबल काढल्याशिवाय सुरू करू नका, तो लगेच पुन्हा पडेल.

लॅबमधली ती केबल जेमतेम हातभर होती. ती शोधायला आम्हाला अडीच तास लागले.