हलताना बोट ट्रिगरवर नको
स्थिर उभं राहून टार्गेट फोडणं वेगळं आणि धडधडत्या छातीने सरकत नेम धरणं वेगळं, म्हणून सुरुवात रिकाम्या पिस्तुलानेच करा, चेंबर (गोळी बसते तो कप्पा) दोनदा बघा, बोट घालूनही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. गुडघे थोडे वाकवा, पुढे जाताना आधी टाच मग चवडा, पाय क्रॉस करू नका, नाहीतर अडखळता. आणि पाय हलले की बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) बाहेर, फ्रेमला म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला चिकटून सरळ, कारण दचकलं किंवा तोल गेला की मूठ आपोआप आवळते, तेवढ्यात गोळी सुटते. हे मी प्रत्येकाला सांगतोच. आडोसा निवडताना लक्षात ठेवा, सोफा फक्त लपवतो, गोळी अडवत नाही. वेग नंतर, टायमर लावून, इन्स्ट्रक्टरसमोरच.