आधी परतीची बस बघा

इंग्लंडमध्ये नवीन आलेली मंडळी पहिल्या उन्हाळ्यातच विचारतात, "कॉट्सवोल्ड्सला जायचंय, काय काय बघायचं?" कॉट्सवोल्ड्स म्हणजे इथला टेकड्यांचा, जुन्या दगडी घरांच्या खेड्यांचा भाग. काय बघायचं ते नंतर. आधी परत कसं यायचं ते ठरवा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून तिथल्या मोरटन-इन-मार्श गावाला थेट रेल्वे आहे, दीडेक तासाची. पुढच्या खेड्यांना बस. आपल्याकडे गावात रात्री मुक्कामाची एसटी तरी येते. इथे शेवटची बस संध्याकाळी लवकर निघून जाते आणि रविवारी कित्येक मार्गांवर बसच नसते.

आम्हाला एका मित्राने जाताना गाडीतून सोडलं होतं. येताना बसने येऊ म्हटलं. थांब्यावरचं वेळापत्रक वाचलं ते सोमवार ते शनिवारचं, आणि वार होता रविवार. पाऊस, चार वर्षांची लेक कडेवर, मोबाइलला रेंज नाही. शेवटी पबच्या मालकीणबाईंनी स्वतःच्या फोनवरून टॅक्सी बोलावली. पासष्ट पौंड गेले, म्हणजे आमचा तेव्हाचा आठवड्याचा किराणा. म्हणून पुन्हा सांगते: रविवारचं वेळापत्रक वेगळं बघा, घरूनच फोटो काढून ठेवा, टॅक्सीचा नंबर कागदावर लिहून घ्या.

तिथल्याच बायबरी खेड्यातली आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची ओळ १३८० च्या सुमारास लोकर साठवायला बांधली. सतराव्या शतकात तिथे विणकर राहू लागले. आजही तिथे माणसं राहतात. खिडकीच्या काचेला मोबाइल टेकवून आतला फोटो घेणारे आपले लोक मी पाहिलेत, आणि आतून पडदा ओढून घेणाऱ्या आजीही. मला फार वाईट वाटलं. तीन-तीन गाड्या भरून जाऊ नका, हाका मारत फिरू नका. त्या शांततेसाठीच तर आपण तिथे जातो.

शेताच्या फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण दिसला की ती पायवाट सगळ्यांची, शेत खासगी असलं तरी. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा. वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्या गाईंसारखं त्यांच्या अंगावरून हात फिरवायला जाऊ नका.

अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला केलेल्या जागेत गाडी लावू नका.

पबचं स्वयंपाकघर बरेचदा दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं. दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा, पण त्या पबात नाही, बाहेर बाकावर बसून खा.