गॉथिक गोष्टीत सस्पेन्स कसा उभा करायचा

सस्पेन्स म्हणजे माहिती लपवणं असं धरून बरेच जण गोष्टीत सगळंच लपवतात, वाडा कुणाचा ते सांगत नाहीत, आलेला माणूस कोण तेही नाही, आणि मग वाचक घाबरायच्या ऐवजी गोंधळतो. गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्या-गढ्यांतली, गुपितं नि भीती यांवर उभी असलेली गोष्ट लिहायची असेल तर प्रश्न लख्ख दाखवा, हातचं राखायचं ते फक्त उत्तर.

‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीची पहिली चार प्रकरणं वही-पेन घेऊन वाचा, खरंच सांगते, यातलं बरंचसं तिथेच शिकायला मिळतं. वकील हार्कर घराच्या व्यवहारासाठी ट्रान्सिल्व्हेनियात काउंट ड्रॅक्युलाच्या गढीत चाललाय, वाटेत लोक त्याच्याकडे बघून क्रॉसची खूण करतात, एक बाई तर आपल्या गळ्यातला क्रूस काढून त्याच्या गळ्यात घालते. त्याला काही उमगत नाही, आपल्याला थोडंसं उमगतं. वाचक पात्राच्या एवढाच पुढे ठेवायचा, एक पाऊल, कारण फार पुढे गेला की पात्र बावळट वाटायला लागतं.

आता आरशाचा प्रसंग बघा. गढीत पोचल्यावर हार्कर सहज लिहून जातो की इथे एकाही खोलीत आरसा नाही, आणि लगेच नोकर कसे दिसत नाहीत त्यावर येतो. पुढे एका सकाळी स्वतःचा छोटा आरसा खिडकीशी लावून दाढी करत असताना खांद्यावर हात पडतो, ‘गुड मॉर्निंग’ ऐकू येतं, आणि आरशात मागची अख्खी खोली दिसतेय पण माणूस काही दिसत नाही. दचकून त्याला जरासं कापतं, रक्त बघून काउंट गळ्यावर झेपावतो, हात क्रूसाच्या माळेला लागतो आणि क्षणात शांत होतो, मग आरसा खिडकीबाहेर फेकून देतो. यावर हार्करची तक्रार काय, तर आता दाढी कशी करायची! ही साधी घरगुती चिडचिड आहे ना, तिच्यामुळेच आपल्या काळजात धस्स होतं, कारण जे त्याने बोलायला हवं ते आपल्यालाच मनात बोलावं लागतं. आणि आरसा नि क्रूस दोन्ही आधीच पेरलेले आहेत, ऐन वेळी काही आणलेलं नाही.

त्यानंतर वाटा बंद करत जा. हार्कर गढीभर फिरतो तर दारंच दारं, सगळी कुलूपबंद. वास्तू नुसती पडकी नि अंधारी असून भागत नाही, तिने पात्राचा एकेक पर्याय काढून घ्यायला हवा.

उत्तर लांबवायचं असेल तर मधे एक पटण्यासारखं खोटं उत्तर द्या. ‘जेन एअर’ (१८४७) मध्ये जेन ज्या वाड्यात शिकवणीला आहे तिथे तिसऱ्या मजल्यावरून विचित्र हसणं ऐकू येतं, जेनला सांगतात ती नोकरीवरची ग्रेस पूल, पुढे मालकाच्या पलंगाला आग लागते तरी ग्रेस आपली तिथेच कामावर, मग तिला काढत का नाहीत हा नवीनच भुंगा लागतो. माडीवर कोंडलेली मालकाची बायको कळते ती थेट त्याच्या नि जेनच्या लग्नाच्या दिवशी.

पण ताणायलाही माप आहे. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) मध्ये नायिका एमिली दुसऱ्या खंडात काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते, मागे काय होतं ते आपल्याला चौथ्या खंडाच्या शेवटाकडे कळतं, आणि तो निघतो मेणाचा पुतळा. मला तिथे फसवल्यासारखं वाटलं. म्हणून पहिला खर्डा झाला की प्रत्येक प्रश्न कुठल्या पानावर पडला आणि कुठल्या पानावर सुटला ते समासात लिहा, अंतर जितकं मोठं तितकं उत्तर जड करा, नाहीतर मधली पानं कापा.