डिझाइन शिकवायला नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी: चिठ्ठ्या, कंट्रोल आणि पाटाचं पाणी

ॲग्रीच्या पोरांना पहिल्यांदाच एक्स्पेरिमेंटल डिझाइन शिकवायला घेताय ना, मग एक धरून चला, आरबीडीची (वावराचे ब्लॉक, म्हणजे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठीने टाकायच्या, ती पद्धत) व्याख्या त्यांना पाठ असते, एनोव्हाचा, म्हणजे फरक खरा का योगायोगाचा ते तपासायचा तक्ताही भरतात. पण वावरात लेआउट टाकायला सांगा, पहिल्या ब्लॉकमध्ये टी१, टी२, टी३ (तीन ट्रीटमेंट, समजा तीन खतं) आणि शेवटी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी बिनखताचा प्लॉट, पुढच्या चारही ब्लॉकमध्ये तोच क्रम. विचारलं की उत्तर येतं, "सर, काय फरक पडस?"

खूप पडतो. माझा एमएस्सीचा प्लॉट यातच गेला, गाइडने सिनियरचा जुना लेआउट हातात दिला आणि हाच टाक म्हणाले, म्हणून इथे जरा लांबण लावतो. समजा कापूस आहे, पाटाचं पाणी एका बाजूने शिरतं. टी१ पाचही ब्लॉकमध्ये पाटाच्या तोंडाशी, कंट्रोल पाचही ठिकाणी शेवटाला, जिथे पाणी उशिरा आणि कमी पोचतं. आता कंट्रोलची बोंडं कमी भरली तर ती खत न मिळाल्यामुळे का पाणी न मिळाल्यामुळे? सांगताच येत नाही. एफ टेस्ट सिग्निफिकंट येते, म्हणजे फरक योगायोगाचा नाही असं गणित सांगतं, तक्त्यात तसे स्टार लागतात, सगळे खूश, आणि तो फरक पाटाचा असू शकतो, खताचा नाहीच. पोरं म्हणतात, पण सर ब्लॉक पाडले होते ना? तर ब्लॉक पाडून एका ब्लॉकचा दुसऱ्या ब्लॉकशी असलेला फरक बाजूला काढता येतो, पण ब्लॉकच्या आत पाटाजवळ कोण बसलं त्याचं काही होत नाही, त्यासाठीच चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा. कापूस वेचून झाल्यावर कुठलंही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करू शकत नाही, खरंच नाही.

म्हणून प्रत्येक ब्लॉकच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, पोरांच्याच हातानं. ४ ट्रीटमेंटचे २४ क्रम होतात, त्यातला कुठलाही येऊ दे. दोन-तीन ब्लॉकमध्ये कंट्रोल कडेलाच आला की "हे रँडम वाटत नाही" म्हणून पोरं परत काढायला बघतात, तिथे ठाम रहा, मनासारखं येईपर्यंत चिठ्ठ्या काढल्या तर शेवटी तुम्हीच निवडलं ना. मोबाइलचं ॲप पहिल्या वर्षी देऊच नका असं माझं मत आहे, बटण दाबतात पण का दाबलं ते डोक्यात जात नाही. आणि लेआउटच्या आधी सालदाराला विचारा, पाणी कुठे तुंबतं, मुरूम कुठे वर आलाय. केबिनमध्ये बसून सही करणाऱ्या गाइडपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

कंट्रोलचं एवढंच की काहीच न करणं म्हणजे कंट्रोल नाही. झिंक सल्फेटची फवारणी तपासताय तर कंट्रोलवर त्याच दिवशी, त्याच पंपाने, तेवढंच साधं पाणी. निंदणी, कोळपणी, बोंडअळीचं औषध सगळं सारखं. पोरं ट्रीटमेंटच्या प्लॉटला जास्त जीव लावतात, मुद्दाम नाही करत, पण होतं. पाट्यांवर टी१ वगैरे लिहू नका, नुसते १ ते २० नंबर टाका, कोणता कशाचा ते तुमच्या वहीत.

एवढं सांगून पण कळलं नाही तर टेन्शन घेऊ नका, बऱ्याच जणांना पहिल्या सेमिस्टरला कळत नाही. प्रयोगांचं हे शास्त्र उभं करणाऱ्या फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये चहाच्या ८ कपांचं उदाहरण दिलं होतं, चवीवरून आधी दूध ओतलं का चहा ते एक बाई ओळखते का, म्हणून. आपल्याकडे ते भरीतावर करा. ८ वाट्या, ४ पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांच्या, ४ गॅसवरच्या, क्रम चिठ्ठीने. नुसत्या अंदाजाने सगळ्या बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. आधी मुद्दाम एकाआड एक मांडून बघा, तिसऱ्या वाटीपर्यंत पोरं न चाखताच सांगायला लागतात. मग कुणीतरी विचारतंच, सर, पण गॅसवरच्या भरीतात तेल कमी असलं तर? त्या पोराला पुढे बोलवा आणि पऱ्हाटीवरच्या आणि गॅसवरच्या भरीतात काय काय सारखं ठेवायला पाहिजे ते त्यालाच फळ्यावर लिहू द्या.