लिनक्स मिंट, एनव्हिडियाचं कार्ड आणि दहा सेकंदांचा निळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला राम राम ठोकला आणि तेव्हापासून ‘आमच्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून दे’ म्हणणारे वाढलेत. टाकणं सोपं आहे. घोडं अडतं ते एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डापाशी. इथे मी लिनक्स मिंट २२ (लिनक्सचाच एक सोपा अवतार) धरून सांगतोय. शेजारी विंडोज राहणार आहे आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारं कुलूप) चालूच ठेवायचंय.

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे ना, ते मागे वाकून बघा. मदरबोर्डाच्या पोर्टात खुपसलेली केबल फार घरांत सापडते.

२. पेनड्राइव्हवरून सुरू करताना पडदा काळाच राहिला तर बूट मेन्यूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा आणि इन्स्टॉल करा. नंतर पहिल्यांदा सुरू करतानाही काळोख असेल तर बूट मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘रिकव्हरी मोड’, मग ‘रिझ्यूम’.

३. इंटरनेट जोडा, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या. नावात ‘ओपन’ असलेले ड्रायव्हर जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांसाठी आहेत. जुन्या कार्डावर ते चालत नाहीत. आणि कंपनीच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवायच्या भानगडीत पडू नका. कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट आलं की पुन्हा काळा पडदा बघायची तयारी ठेवावी लागते.

४. आता खरी मेख. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही (डिजिटल शिक्का) नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये जाणारा भाग, आत घेत नाही. म्हणून मिंट तुमच्याच मशीनवर एक किल्ली बनवून ड्रायव्हरवर सही करतं. ती किल्ली मान्य आहे, हे मात्र कुणीतरी प्रत्यक्ष कीबोर्डासमोर बसून सांगावं लागतं. त्यासाठी ड्रायव्हर टाकताना (कधी मिंटच्या इन्स्टॉलरमध्येच, कोडेक्सच्या म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पानावर) पासवर्ड मागतात. तो एकदाच लागतो. आठ-दहा छोटी इंग्रजी अक्षरं घ्या, चिन्हं नकोत, आणि कागदावर लिहून ठेवा. पुढच्या पडद्यावर कीबोर्डाची मांडणी अमेरिकन असते, तिथे चिन्हं भलत्याच जागी निघू शकतात.

रीस्टार्ट करा आणि खुर्चीतून हलू नका. निळा पडदा येतो, कोणतंही बटण दाबायला दहा सेकंद देतो आणि निघून जातो. चहा टाकायला उठलात की हुकलं! बिनतारी कीबोर्ड या टप्प्यावर कधीकधी मुकाच असतो, त्यामुळे वायरचा लावा. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही चालू ठेवा.

बटण दाबलं की यादी येते आणि तिथे सगळ्यात वर, आधीच निवडलेलं असतं ‘कंटिन्यू बूट’. सवयीने एंटर मारलात तर विनंती रद्द. खाली जाऊन ‘एनरोल एमओके’ (एमओके म्हणजे आपली तीच किल्ली) घ्या, मग ‘कंटिन्यू’. पुढच्या प्रश्नाला ‘नो’ निवडलेलं असतं, ते ‘येस’ करा. पासवर्ड टाइप करताना काही उमटलं नाही तरी टाइप करत राहा. शेवटी ‘रीबूट’.

हुकलंच, तर पुन्हा सगळं इन्स्टॉल करत बसू नका. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘मोकयुटिल’ ही आज्ञा सुडोसह, ‘इम्पोर्ट’ पर्याय देऊन लिहा (sudo mokutil --import) आणि पुढे एक जागा सोडा. मग फाइल मॅनेजरमध्ये व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक (/var/lib/shim-signed/mok) असं फोल्डरांतून आत जा आणि तिथली डीईआर (.der) फाइल, म्हणजे किल्लीची फाइल, ओढून त्याच ओळीवर सोडा; पत्ता आपोआप उमटतो. एंटर, नवा पासवर्ड, रीस्टार्ट. निळा पडदा पुन्हा येईल.

‘त्यापेक्षा सिक्युअर बूट बंद करून टाका’ असं व्हिडिओवाले छातीठोकपणे सांगतात. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर नंतर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती कुठे ठेवलीय हे त्याच क्षणी कुणाला आठवत नाही. तुमच्या मशीनवर फक्त लिनक्स असेल तर बंद केल्याने आभाळ कोसळणार नाही. पण दहा मिनिटांच्या कामासाठी कुलूपच काढून ठेवणं मला पटत नाही.

५. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) लिहा: अक्षरं लहान, मध्ये जोडरेघ. कार्डाचं नाव असलेला तक्ता दिसला की झालं. पुढच्या कर्नल अपडेटांना हीच किल्ली आपोआप वापरली जाते. मात्र बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर कधीकधी किल्ल्यांची नोंद पुसली जाते. तसं झालं तर वरची मोकयुटिलची आज्ञा पुन्हा चालवा.