आयोवातल्या शेतकऱ्याचं घराणं शोधताना आधी जमिनीचे कागद काढा

आम्ही आयोवात डेकोराजवळ राहतो, विनेशिक काउंटीत. शेजारी एक ८६ वर्षांचे शेतकरी आजोबा आहेत, त्यांना त्यांच्या शेतासाठी हेरिटेज फार्म या राज्याकडून मिळणाऱ्या मानाचा अर्ज भरायचा होता, म्हणजे एकाच घराण्याकडे १५० वर्षं असलेलं शेत. (शंभर वर्षं झाली की सेंच्युरी फार्म, ते १९७६ पासून देतात, आणि दोन्हीला मूळ जमिनीतली निदान ४० एकर तरी अजून घरात राहिलेली लागते.) कॉम्प्युटर त्यांना जमत नाही म्हणून एका हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून त्यांचं अख्खं घराणं शोधून काढलं. इथल्या शेतकरी घरातली सून किंवा जावई आलेली मराठी कुटुंबंही आहेत, नातवंडांना शाळेत फॅमिली ट्री करायला सांगतात, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, लगेच वेबसाईटवर जाऊन नाव टाइप करू नका. आजोबांचं घराणं मूळचं नॉर्वेचं, आणि ओले ओल्सन नावाची माणसं इतकी निघतील की तुम्ही चुकीच्या पणजोबांना घरात आणाल आणि कळणारही नाही. शेतकरी माणूस नावाने सापडत नाही, जमिनीने सापडतो. आपल्याकडे सातबारा आणि जुने फेरफार काढले की चार पिढ्या समोर येतात ना, अगदी तसंच.

तर घरच्यांना विचारा, "शेताचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कुठेय?" म्हणजे त्या जमिनीच्या सगळ्या जुन्या व्यवहारांचं बाड. अमेरिकेत बाकी बहुतेक ठिकाणी टायटल इन्शुरन्स (जमिनीच्या मालकीत खोट निघाली तर भरपाई देणारा विमा) आल्यावर हे बाड हरवलं, पण आयोवात तो इन्शुरन्स विकायलाच १९४७ पासून बंदी आहे, त्यामुळे इथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अजून जिवंत आहे, कपाटात नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये. आजोबांचा तर चांगला तीन बोटं जाड होता, वरच्या बाजूने बांधलेला, आतले जुने कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखे, टाइपरायटरच्या अक्षरांनी मागून भोकं पडल्यासारखे. त्यात प्रत्येक खरेदी, प्रत्येक गहाण, प्रत्येक वारसनोंद ओळीने. सरकारकडून पहिल्यांदा कोणाला मिळाली तिथपासून. पहिलं नाव आपल्या घराण्यातलं नसलं तर घाबरू नका, इथली पुष्कळ जमीन मेक्सिकोच्या लढाईतल्या सैनिकांना सरकारकडून मिळालेल्या वॉरंटवर, म्हणजे जमिनीच्या हक्कपत्रावर, घेतलेली आहे आणि ती वॉरंटं लोक सर्रास विकत घ्यायचे. आजोबांच्या पणजोबांचं नाव आलं ते १८७४ ला.

बायकांची नावं हवी असतील तर गहाणखतं नीट वाचा. नवऱ्याने जमीन गहाण टाकली किंवा विकली तर बायकोचा हक्क असायचा म्हणून तिचीही सही घ्यायचे. कुठे नुसतं "एट अक्स" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ "आणि पत्नी", मग काउंटी रेकॉर्डरच्या (दस्त नोंदवणाऱ्या) ऑफिसात जाऊन मूळ दस्त काढा, त्यात नाव मिळतं. पणजींचं नाव आम्हाला असंच मिळालं, सही नव्हती, नावापुढे फुली होती. आजोबा त्या फुलीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले होते.

अजून एक. १९२० च्या आसपास जमिनीचे भाव चढून कोसळले, मग मंदी आली, त्यामुळे त्या पंधरा वर्षांत एकामागून एक गहाणं दिसतील आणि १९३३-३४ च्या सुमाराला बऱ्याच शेतांवर फेडरल लँड बँकेचं (शेतजमिनीवर कर्ज देणारी बँक) नाव येतं. तिथे घाईने पान उलटू नका, घरातलं कोण कधी शहरात कामाला गेलं, कोणाचं शिक्षण सुटलं हे त्याच पानांशी जोडलेलं असतं. फक्त विचारताना जपून विचारा. १९८० च्या दशकात इथे शेतकऱ्यांची फार वाईट अवस्था झाली होती, ज्यांची शेतं गेली ते लोक अजून त्यावर बोलत नाहीत.

जमिनीचं वर्णन वाचायला एकदा शिकून घ्या, सोपं आहे. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर. नंबर ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला ६ पर्यंत जातात, मग ७ त्याच्या खालीच आणि तिथून उलट पूर्वेकडे, बैल नांगर वळवून आणतो तसे. "नॉर्थईस्ट क्वार्टर ऑफ साउथवेस्ट क्वार्टर ऑफ सेक्शन १४" असं असेल तर मागून पुढे वाचा, आधी सेक्शन १४, त्याचा नैऋत्य चतकोर १६० एकरांचा, त्याचा ईशान्य चतकोर ४० एकरांचा. म्हणूनच इथले शेतकरी नुसतं "ईस्ट फॉर्टी" म्हणतात. हे कळलं की सरकारी लँड ऑफिसच्या रेकॉर्डची साइट (फुकट आहे) आणि काउंटीचे जुने प्लॅट नकाशे (कोणती जमीन कोणाची ते दाखवणारे) दोन्ही वाचता येतात, नकाशात शेजारी कोण ते दिसतं, आणि शेजारीच पुढे सोयरे झालेले असतात.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टची पहिली ओळ म्हणजे जमिनीची सुरुवात असं मात्र समजू नका. इथे आधी हो-चंक हे मूळ अमेरिकन लोक होते, सरकारने त्यांना १८४८ मध्ये इथून मिनेसोटात हलवलं आणि मग जमीन विकायला काढली. काउंटीचं नावच त्यांच्या एका प्रमुखाचं आहे. घराण्याचा इतिहास लिहाल तेव्हा हेही लिहा, आजोबांनी स्वतः ती ओळ घालायला लावली.

घराणं मोठं असेल तर एखादा भाऊ पुढे डाकोटात किंवा नेब्रास्कात गेलेला असतो, तिथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायची, पाच वर्षं राहून कसली तर. त्याची फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमधून मागवा, घर केवढं, किती एकर नांगरली, शेजाऱ्यांची साक्ष, नागरिकत्वाचे कागद, सगळं त्यात असतं.

आता जनगणना. दर दहा वर्षांनी होते, ७२ वर्षांनी खुली करतात, सध्या १९५० पर्यंतची बघता येते. १८९० ची शोधत बसू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही. १९०० ची महत्त्वाची, जन्माचा महिना-साल, अमेरिकेत कधी आले, आणि आईला किती मुलं झाली त्यातली किती जगली हा रकाना. पण आयोवावाल्यांचं खरं धन म्हणजे राज्याची स्वतःची जनगणना. १९१५ च्या कार्डावर चर्च कुठलं ते आहे, आणि १९२५ च्या पानावर प्रत्येकाच्या आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव धरून! एका ओळीत आम्हाला मागची पिढी मिळाली. शिवाय १८५० ते १८८० च्या शेतीच्या वेगळ्या याद्या आहेत, किती बुशेल मका, किती दुभत्या गाई, घरात किती पौंड लोणी काढलं. लोणी बायका काढायच्या, म्हणजे त्या आकड्यात पणजींचे हात आहेत.

चर्च कळलं की तिथली वही बघा, पण लिहिलेलं नॉर्वेजियन आणि जुन्या गॉथिक वळणाचं असतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळीचं केंद्र आहे, तिथले लोक वाचून देतात.

नावांच्या बाबतीत मात्र आपण मराठी माणसं फायद्यात. समजा नाव आहे ओले लार्सन हाउगेन. ओले स्वतःचं, लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा, हाउगेन हे शेताचं नाव. आपलं नाव-बापाचं नाव-गावावरून पडलेलं "कर" आडनाव, तीच घडण. फरक एवढाच की तिकडे माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की आडनावही बदलायचं, म्हणून दोन सख्खे भाऊ अमेरिकेत एक हाउगेन आणि एक लार्सन असे सापडतात. घरात "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कचं जहाजाने येणाऱ्यांची नोंद करणारं ठाणं) नाव बदललं" असं सांगतील, तिथे नावं बदलत नव्हते, बदल आधी किंवा नंतर लोकांनी स्वतःच केलेले असतात. आणि १८६७ ला आलेला माणूस तिथे सापडेल कसा, ते सुरूच झालं १८९२ ला. त्या काळात नॉर्वेची बरीच जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला लागायची, न्यूयॉर्कच्या यादीत महिनोन्‌महिने घालवू नका.

या सगळ्याच्या मध्ये मध्ये माणसाशी बोला. टेबलावर रेकॉर्डर ठेवून आजोबा फार बोलले नाहीत, पण पिकअपमधून शेताच्या कडेने हळूहळू चक्कर मारली तर प्रत्येक वळणावर गोष्ट निघाली, इथे शाळा होती, या ओढ्यात घोडा अडकला होता. फोन डॅशबोर्डवर ठेवून विचारून रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी लिहून काढा.

शेताचं नाव हाती आलं की नॉर्वेचं डिजिटल आर्काइव्ह उघडा, फुकट आहे. १८६५ ची जनगणना काढा, आणि नुसती नावं उतरवून बंद करू नका, मूळ पानाचा फोटो उजवीकडे सरकवत न्या, शेवटच्या रकान्यांत जनावरं आणि पेरणी लिहिलेली असते. आजोबांचे पणजोबा त्या पानावर २० वर्षांचे होते, बापाच्या शेतावर. मी वाचत गेले, घोडा १, गाई ४, मेंढ्या ९. आजोबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, बटाटे किती लावले होते ते बघ. तोही रकाना होता. ३ बॅरल.